दादाच्या खोक्यासाठी कंपायलर

खोक्यातून "डावीकडे वळा" असा आवाज आला, तेव्हा डावीकडचं वळण केव्हाच मागे पडलं होतं. गाडी चालवत होती एक दातांची डॉक्टर. ती अजून शिकतच होती आणि सांगितलेलं ऐकायचं एवढं एकच तिला पक्कं ठाऊक होतं. डावीकडे जी पहिली उघडी जागा दिसली तिथे तिने गाडी वळवली. ते फर्निचरच्या एका दुकानाचं मागचं दार निघालं. दोन माणसं सोफा उचलून बाहेर आणत होती. दादाने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, गाडी आचका देऊन थांबली, आणि त्या दोघांनी सोफा खाली ठेवला आणि त्यावरच बसकण मारली.

मग खोकं म्हणालं, "नको, सरळ जा."

मागच्या सीटवरच्या चिमीला हसू आलं. ते तिने गिळलं, कारण आरशात दादाचा चेहरा दिसत होता.

चिमी दादाची धाकटी बहीण. केस पांढरे व्हायला लागले तरी घरात ती चिमीच होती. हॉटेलातल्या खोल्या आरक्षित करायची वेबसाइट चालवणाऱ्या एका कंपनीत ती प्रोग्रामर होती. दादा आणि वहिनी मिळून ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. दादा गाडीत, वहिनी टेबलाशी. दादा जन्माचा बोलका. शिकाऊ माणसाच्या हाताला घाम फुटला की दादा बोलायला लागायचा, आणि त्या बोलण्यात घाम केव्हा वाळला ते कळायचं नाही. मग घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. तो वाचला, आवाज गेला.

त्यानंतर हे खोकं आलं. कंपासपेटीपेक्षा थोडं मोठं, वर उठावदार बटणं, बोटभर पडदा, कडेला स्पीकर. टाइप केलं की ते बोलायचं. आवाज यंत्राचाच, पण भाषा आपली. शिवाय एकदा टाइप केलेलं वाक्य ते जपून ठेवायचं. पुढच्या वेळी दोन अक्षरं दाबली की अख्खं वाक्य हजर. दादाने चार वर्षांत त्यात आपलं सगळं बोलणं भरलं होतं. 'क' आणि 'ह' दाबलं की "क्लच हळू सोडा, तोही कुणाचातरी लेक आहे." 'आ' आणि 'त' दाबलं की "आरसा तोंड बघायला नाही, मागचं बघायला आहे." रस्त्यावरची नजर न हलवता, मांडीवरच्या खोक्यावर नुसता अंगठा फिरवून तो हे करायचा. मधे त्याने मोबाइलवर बोलणारं अ‍ॅप वापरून बघितलं होतं. पण त्या काचेवर बोटाला काही लागत नाही. दरवेळी खाली बघावं लागतं, आणि शिकवणाऱ्यानेच खाली बघितलं तर झालंच.

खोकं हल्ली उशिरा बोलायला लागलं होतं. आधी एका श्वासाएवढा उशीर, मग एका वळणाएवढा. दोन जण शिकवणी सोडून दुसरीकडे गेले होते. म्हणूनच चिमी आज मागे बसून बघत होती.

"मी बघते काय करता येईल ते," ती घरी परतल्यावर म्हणाली.

खोकं बनवणारी कंपनी बंद पडली होती. मात्र बंद पडण्याआधी त्यांनी खोक्यातल्या प्रोग्रामचा सगळा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, इंटरनेटवर खुला ठेवला होता. त्याच्या तळाशी एका इंजिनिअरचा पत्ता होता. चिमीने मेल केला, आणि उत्तर येण्याऐवजी त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा फोनच आला. मागे कुत्रं भुंकत होतं.

"वाक्यं किती साठलीत?" त्यांनी विचारलं.

"चार वर्षांची, सर."

"मग पुसून टाका. पहिल्या दिवसासारखं बोलायला लागेल."

"थोडी ठेवून बाकीची पुसता येतील?"

"नाही. ती सोय करायची राहून गेली." ते कुत्र्यावर ओरडले आणि पुन्हा फोनवर आले. "पुष्कळ राहून गेलं."

चिमीने दादाला हे सांगितलं. त्याने काहीतरी टाइप केलं. खोकं गप्प. तिने पर्स उचलली, चप्पल घातली, दारापर्यंत गेली, तेव्हा मागून आवाज आला, "पुसायचं नाही. ते माझं बोलणं आहे."

सुट्टीच्या दिवशी चिमी सोर्स वाचायला बसली, आणि जेवणाच्या आत तिला दोष सापडला. बोलण्याआधी खोकं दरवेळी सगळी वाक्यं अक्षरांच्या क्रमाने नव्याने लावायचं. ती आधीच क्रमाने लावलेली असायची, तरीही. वाक्यं थोडी होती तेव्हा हे कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. एक ओळ तिथून उचलून नवीन वाक्य साठवायच्या जागी ठेवली की झालं. तिने ती ओळ हलवली आणि वहिनीला फोन केला.

"उद्या संध्याकाळपर्यंत होईल."

"नक्की ना? मी सगळ्यांना तसं कळवते मग."

"कळव," चिमी म्हणाली. घोडं अडलं ते इथेच.

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळत नाही. तो यंत्राच्या आकड्यांत उतरवावा लागतो, आणि ते काम कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम करतो. चिमीच्या कॉम्प्युटरवर कंपायलर होता, पण तो तिच्या कॉम्प्युटरला समजतील असे आकडे काढायचा. खोक्यातला प्रोसेसर वेगळ्या जातीचा, त्याचे आकडे वेगळे. बरं, खोक्यातच कंपायलर चालवावा, तर त्याची मेमरी इतकी तुटपुंजी की कंपायलर आत मावलाच नसता. म्हणजे तिच्या कॉम्प्युटरवर बसून खोक्यासाठी आकडे काढील असा कंपायलर हवा होता. त्याला क्रॉस कंपायलर म्हणतात. हा शब्द तिने कॉलेजात परीक्षेपुरता पाठ केला होता आणि पेपर देऊन आल्यावर विसरली होती.

तयार मिळणारे क्रॉस कंपायलर तिने उतरवून बघितले. सगळे नवे. हा प्रोसेसर इतका जुना की त्यांनी त्याचं नाव केव्हाच गाळलं होतं. तिने पुन्हा फोन लावला.

"सर, तुम्ही कसं करायचात?"

"ऑफिसच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर होता. त्यावर सगळं बसवलेलं होतं. कुणी बसवलं ते आम्ही यायच्या आधीचं. वर कागद चिकटवला होता, हात लावू नये म्हणून."

"मग?"

"आम्ही लावला नाही."

"तो कॉम्प्युटर आता कुठे आहे?"

"कुणीतरी नेला असेल. कंपनी बंद होताना लोक खुर्च्यासुद्धा नेत होते." थोडा वेळ नुसतं कुत्रं ऐकू आलं. "तुम्ही सोर्सपासून बांधा ना. कंपायलरचा, लायब्ररीचा, सगळ्याचा जुना सोर्स मिळतो."

"किती वेळ लागतो?"

"मी कधी केलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात किंचित सुटका होती.

चिमी सोर्सपासून बांधायला लागली. लायब्ररी म्हणजे सगळ्या प्रोग्रामना लागणाऱ्या तयार तुकड्यांचा साठा, तोही बांधायचा होता. कंपनीत तिचे सगळे प्रोग्राम वरवरचे असत. तारीख निवडा, खोली निवडा, पुढे जा. त्याच्या खाली काय काय रचलेलं असतं हे बघायची वेळ कधी आली नव्हती. आता एकेक फरशी उचलून बघितल्यासारखं झालं, आणि प्रत्येक फरशीखाली आणखी एक फरशी.

वहिनीच्या टेबलाशी बसून तिने ते समजावायचा प्रयत्न केला. वहिनी ऐकत ऐकत शिकवणीच्या वेळा पुढे ढकलत होती.

"म्हणजे कंपायलर करायला लायब्ररी लागते," वहिनी म्हणाली.

"हो."

"आणि लायब्ररी करायला कंपायलर."

"हो."

"मग सुरुवात कुठून?"

"आधी अर्धवट कंपायलर करायचा, ज्याला लायब्ररी लागत नाही. त्याने लायब्ररी करायची. मग ती घेऊन पूर्ण कंपायलर."

"आणि त्या अर्धवटाचं काय?"

"टाकून द्यायचा."

वहिनीने पेन खाली ठेवलं. "बिचारा," ती म्हणाली.

पण तो अर्धवटही होईना. पहिल्याच पायरीवर तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत होती. कंपायलर बांधला जातोय ते यंत्र कुठलं, बांधून झाल्यावर तो चालणार ते कुठलं, आणि तो ज्याच्यासाठी आकडे काढणार ते कुठलं. पहिली दोन उत्तरं एकच, तिसरं वेगळं. वाचताना हे सरळ वाटायचं. लिहायला घेतलं की दुसरं आणि तिसरं तिच्या डोक्यात जागा बदलायची. एकदा तिने चुकून असा कंपायलर बांधायला घेतला जो खोक्यात बसून तिच्या कॉम्प्युटरसाठी आकडे काढणार होता. त्याचा जगात कुणालाच उपयोग नव्हता.

तिची दशा बघून दादाने खोक्यावर बराच वेळ टाइप केलं. कॉफी निवत आली तेव्हा खोकं बोललं, "सोपं आहे. एक शिकवणारा, एक शिकणारा, एक गाडी."

चिमी विचार करू लागली. कंपायलर म्हणजे शिकणारा असेल तर गाडी म्हणजे खोकं. की शिकणारा म्हणजे खोकं? मग गाडी कोण? त्या दिवशी तिने आदल्या दिवशीचं बरोबर आलेलंही चुकवून ठेवलं.

पुढे कळलं की जुन्या कंपायलरचा सोर्स तिच्या नव्या कंपायलरला पचतच नाही. पूर्वी चालणाऱ्या गोष्टींना नवा चुका म्हणतो. मग मधल्या वयाचा एक कंपायलर बांधायचा, आणि त्याच्याकडून जुना बांधून घ्यायचा. तिने तसं केलं. पडद्यावर तासन्तास ओळी सरकत राहायच्या आणि अखेर एक चूक दाखवून सगळं थांबायचं. ती चूक शोधायला जावं तर तिथे काही नसायचं. खरी चूक कितीतरी आधी, सरकून गेलेल्या ओळींत कुठेतरी असायची, आणि तिथे तिला चूक असं नावसुद्धा नसायचं. सापडत नाही, पुढे चाललो, एवढंच लिहिलेलं असायचं.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ती हेच करत बसायची. शेजारचा सहकारी एकदा वाकून बघून म्हणाला, "अगं, नवीन खोकं का घेत नाही तो?"

"नव्यात त्याचं बोलणं नाही."

"मग नव्यात भरायचं."

"हो," ती म्हणाली. त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं, आणि आपण का नाही म्हणतोय हे तिला नीट सांगता आलं नसतं.

लायब्ररी बांधून झाली त्या सकाळी तिने आनंदाच्या भरात ती बसवायची आज्ञा दिली. कुठे बसवायची ते लिहायला विसरली. खोक्यासाठी केलेली लायब्ररी जाऊन बसली तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरच्या लायब्ररीवर. एका क्षणात कॉम्प्युटरला काहीच कळेनासं झालं. फाइल दाखव म्हटलं, नाही. बंद हो म्हटलं, तेही नाही. कुठलीही साधी आज्ञा दिली की तो त्या परक्या लायब्ररीकडे बघायचा आणि हात टेकायचा. आज काम जमणार नाही हे ऑफिसला कळवायचं कसं हेही तिला पटकन सुचेना, कारण ती कळवायची ती त्याच कॉम्प्युटरवरून.

तिने बांधलेलं सगळं त्यात गेलं. दोष सापडलेली ती एक ओळ तेवढी दुसरीकडे ठेवलेली होती. आणि खोक्यातल्या वाक्यांची प्रत, जी तिने पहिल्याच दिवशी काढून ठेवली होती. पण ती परत घालायची तर सगळीच्या सगळी, म्हणजे उशीरही परत.

दुपारी ती दादाकडे गेली. तो गाडी धूत होता. खोकं बॉनेटवर ठेवलेलं होतं.

"दादा, सगळं गेलं. पहिल्यापासून करावं लागेल."

त्याने हात पुसले, तिच्याकडे बघितलं, टाइप केलं. मग दोघंही बॉनेटवरच्या खोक्याकडे बघत उभी राहिली, बस यायची वाट बघावी तशी.

"पुसून टाक," खोकं म्हणालं.

"तूच नको म्हणाला होतास ना?"

पुन्हा टाइप, पुन्हा वाट. "तेव्हा वाटलं होतं चटकन होईल. आता माणसं सोडून चाललीत. तूही वाळलीस. परत भरीन मी."

चिमीला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पुसायची आज्ञा एवढीशी होती. खोकं जवळ होतं, केबल पर्समध्ये होती, वहिनीच्या टेबलावर कॉम्प्युटर होता. तिने खोकं उचललं, आणि तिचा अंगठा सहज दोन बटणांवर गेला. पडद्यावर वाक्य उमटलं: "चिमी चालवत असेल तर मी मागे बसतो, प्रार्थना करायला जागा लागते." हे तो केव्हा, कुणासमोर बोलला होता ते तिला आठवेना.

"थोडे दिवस दे मला," ती म्हणाली.

दादाने पाण्याचा पाइप उचलला आणि टायर धुवायला घेतले.

वहिनी तिला फाटकापर्यंत सोडायला आली. "एक विचारू? हे तू त्याच्यासाठी करतेस, की तुला जमत नाहीये म्हणून?"

"माहीत नाही गं वहिनी."

"तोही विचारत होता. म्हणून विचारलं."

रस्ताभर चिमी त्या प्रश्नाला उलटंपालटं करून बघत होती. दादासाठी म्हणावं, तर दादा पुसून टाक म्हणतोय. जिद्द म्हणावी, तर तिला जिद्दीसारखं काही वाटत नव्हतं. डोक्यात नुसता गुंता होता, आणि गुंता अर्धा टाकून उठायची तिला सवय नव्हती. घरी जाऊन तिने कॉम्प्युटर पुसला आणि सगळं नव्याने बसवायला सुरुवात केली.

या खेपेला तिला निदान कुठे पडायचं ते ठाऊक होतं. मधल्या वयाचा कंपायलर, मग जुना अर्धवट, मग लायब्ररी, स्वतंत्र जागी, जागा दोनदा वाचून, मग पूर्ण कंपायलर. एके ठिकाणी एकच पायरी ओळीने दोनदा करावी लागत होती. पहिल्यांदा ती मोडायची, दुसऱ्यांदा तीच आज्ञा दिली की सुरळीत पार पडायची. का ते तिला कळलं नाही. तिने ती दोनदा केली.

आणि एका सकाळी दात घासून येईस्तोवर पडद्यावरच्या ओळी थांबल्या होत्या आणि शेवटी चूक नव्हती. तिने खाली-वर करून पाहिलं. खरंच नव्हती. तिने दादाचा प्रोग्राम त्या कंपायलरला दिला. पापणी लवायच्या आत आकडे तयार.

ती कॉम्प्युटर काखोटीला मारून तशीच दादाकडे गेली. खोक्याला केबल लावली, नवा प्रोग्राम आत ठेवला, चालव म्हटलं. उत्तर आलं, अशी फाइल नाही.

तिने यादी काढली. फाइल होती. पुन्हा चालव म्हटलं. अशी फाइल नाही.

"समोर तर दिसतेय," वहिनी तिच्या खांद्यावरून म्हणाली.

"हो ना."

"मग नाही का म्हणतंय?"

वहिनीने चष्मा आणून पुन्हा बघितलं. दादानेही बघितलं. तिघंही एका फाइलकडे बघत होती आणि खोकं ती नाही म्हणत होतं. दिवसभर चाचपडल्यावर उलगडा झाला. नाही म्हणत होतं ते त्या फाइलला नव्हे, तर प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या दुसऱ्याच एका छोट्या फाइलला. ती नव्या रचनेत वेगळ्या नावाची होती आणि खोक्यात त्या नावाचं काही नव्हतं. कुठली फाइल नाही एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं चिमीला वाटलं. तिने लायब्ररी प्रोग्रामच्या आतच गुंडाळून टाकली, म्हणजे बाहेर काही शोधायलाच नको. प्रोग्राम सुरू झाला.

दादाने 'क' आणि 'ह' दाबलं. क्षणाचाही उशीर लागला नाही. स्पीकरमधून, गंजलेलं शटर ओढल्यावर येतो, तसा एक लांबलचक कर्कश आवाज आला. पडद्यावर मात्र अक्षरं बरोबर होती: क्लच हळू सोडा, तोही कुणाचातरी लेक आहे.

दादाने पुन्हा दाबलं. पुन्हा शटर.

चिमीने आपली हलवलेली ओळ जागच्या जागी परत ठेवून बघितली. तोच आवाज, फक्त उशिरा. म्हणजे दोष ओळीत नव्हता. प्रोग्राम तोच, वाक्यं तीच, ज्यातून बोलणं तयार होतं ती आवाजाची फाइल तीच. बदलला होता फक्त कंपायलर, आणि कंपायलरने कुठलीही चूक दाखवली नव्हती. तिने खोक्यात जुना प्रोग्राम परत घातला, दादाच्या हातात दिला आणि म्हाताऱ्या इंजिनिअरना फोन लावला.

"शटरसारखा?" ते म्हणाले. "थांबा. थांबा हं." आज कुत्रंही शांत होतं. "दशांश. दशांशाच्या आकड्यांचं काहीतरी होतं त्या प्रोसेसरचं. काहीतरी उलटं. आम्ही शिव्या घालायचो."

"काय उलटं, सर?"

"तेच आठवत नाही बघा. शिव्या आठवतात."

एवढं पुरे होतं. आवाजाची सगळी फाइल दशांशाच्या आकड्यांची होती. चिमीने खोक्याकडून त्यातला पहिला आकडा छापून घेतला. यायला हवा होता एक, आला भलताच. तिने तो आकडा मेमरीत कसा मांडलाय ते बघितलं. असा आकडा दोन तुकड्यांत ठेवतात, आणि या जुन्या प्रोसेसरवर ते तुकडे सगळ्या जगाच्या उलट क्रमाने ठेवायची पद्धत होती. मागचा पुढे, पुढचा मागे. आता तिला आठवलं, कंपायलर बांधताना दशांशांबद्दल एक पर्याय विचारला होता. काही बोध न झाल्यामुळे तिने तो रिकामा सोडला होता, आणि कंपायलरने आपल्या मनाने जगरहाटी धरली होती. कुणाचंच तसं चुकलं नव्हतं. फाइल एका पद्धतीने लिहिलेली, वाचणारा दुसऱ्या पद्धतीचा.

पर्याय भरायचा म्हणजे पुन्हा सगळं बांधायचं. कंपायलर, लायब्ररी, पुन्हा कंपायलर. तिने ते केलं. दोनदा करायची पायरी दोनदा केली. या वेळी ती पहिल्या खेपेतच पार पडली, तरी तिने ती दुसऱ्यांदा केली, कारण आता थांबून विचार करायची तिची तयारी नव्हती.

दादाकडे पोचली तेव्हा तो आणि ती दातांची डॉक्टर गाडीत बसून निघायच्या बेतात होते. चिमी मागे बसली, केबल लावली, प्रोग्राम घातला, आणि खोकं पुढे दिलं. दादाने ते मांडीवर ठेवलं. अंगठा हलला.

"आरसा तोंड बघायला नाही, मागचं बघायला आहे," खोकं म्हणालं. तोच जुना यंत्राचा आवाज, आणि लगेच.

डॉक्टर दचकली, तिने आरसा नीट केला, आणि आरशात तिला मागे बसलेली चिमी दिसली. "तुम्ही रडताय का?" तिने विचारलं.

"नाही हो. तुम्ही रस्त्याकडे बघा."

ते गावातून एक मोठा फेरा मारून आले. डावीकडे म्हटलं की डावीकडे, थांबा म्हटलं की थांबा. डॉक्टर इतकी नीट चालवत होती की दादाला आपल्या ब्रेकला पायही लावावा लागला नाही. आपण शिकलो, असं तिला वाटलं असावं. दोघा भावंडांनी तिचा तो समज तसाच राहू दिला.

पण पुढचे काही दिवस घरात निराळाच घोळ सुरू झाला. खोक्यावर एक बटण होतं, बोलण्याआधी वाक्य रद्द करायचं. उशिराच्या काळात दादाने ते किती वापरलं होतं ते आता कळलं. रागाने टाइप करायचं, आणि वाक्य बाहेर पडायच्या आत विचार बदलून रद्द करायचं, ही त्याची सवय होऊन गेली होती. आता रद्द करायला मधे वेळच उरला नव्हता. वहिनीच्या भावाला तो जेवताना जे बोलला, ते वहिनीला दोन दिवस पुरलं. शिकायला आलेल्या एका गृहस्थांना त्याने सांगितलं की तुम्ही पायी चाललात तर शहर तुमचे उपकार मानील. ते गृहस्थ हसले म्हणून निभावलं.

"थोडा उशीर ठेवता येईल का गं?" वहिनीने चिमीला बाजूला घेऊन विचारलं. "पूर्वीएवढा नको. चिमूटभर."

"येईल. पण त्याला विचार."

वहिनीने विचारलं. खोक्याने तत्काळ जे उत्तर दिलं त्यावरून विषय तिथेच संपला.

चिमीने तिचा सगळा बांधलेला पसारा इंटरनेटवर ठेवला. म्हाताऱ्या इंजिनिअरांनी ज्या दोन-चार जणांकडे अजून तसली खोकी होती त्यांना कळवलं. कुठल्यातरी दूरच्या गावातून एका बाईंचा मेल आला. त्यांच्या मुलीकडे तेच खोकं होतं. तुम्ही लिहिलंय की अमुक पायरी दोनदा करावी, ती का दोनदा, असं त्यांनी विचारलं होतं. चिमीने खूप विचार केला, थोडं वाचलं, आणि शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं की ते मला ठाऊक नाही, पण करा. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं. केली, मुलगी बोलतेय.

ते ती दादाला दाखवायला गेली. तो पायरीवर बसून खोक्याची बटणं ब्रशने साफ करत होता. त्याने वाचलं, ब्रश ठेवला.

"एवढे दिवस तू नक्की काय केलंस?" खोक्याने विचारलं. "लोकांना सांगायला बरं."

"तुझ्या खोक्यासाठी एक कंपायलर बांधला. तो बांधायला आधी एक अर्धवट, त्याच्याही आधी एक मधला."

"आणि दुरुस्ती?"

"ती एक ओळ होती. पहिल्या दिवशीच झाली होती."

दादा तिच्याकडे बघत राहिला. अंगठा बटणांवर होता, पण दाबलं काहीच नाही. नंतर त्याने सरकून तिला पायरीवर जागा करून दिली आणि ब्रश पुन्हा हातात घेतला.